खोलीचा ताबा

किल्ली तळमजल्यावर, हेल्वेबाईंकडे.
बेल एकदाच वाजव.
त्यांना ऐकू येतं, फक्त उठायला वेळ लागतो.

तुझं नाव मला कुणी कळवलेलं नाही.
करारावर आहे : 'पुढील भाडेकरू, एक फेब्रुवारीपासून.'
तार्तूत उतरले तेव्हा मीही एवढीच होते.

तर ऐक.
पलंग उघडला की दार उघडत नाही.
आधी ठरव, झोपायचंय की जायचंय.
रात्री दोनला रेडिएटर ठोके देतो, कुणी आलेलं नसतं.
पहिल्या आठवड्यात मी दोनदा
पलंग मिटून दार उघडलं
आणि जिन्यातल्या थंडीला आत घेतलं.

कपडे धुवायचं मशीन तळघरात, पाच खोल्यांत एक.
दोरीला वही बांधलीय, तिच्यात पेन्सिलीने नाव लिहायचं.
गुरुवार, सहा ते आठ, हे माझे तास.
वरचा त्वर्तको तुझं नाव खोडेल.
तू त्याचं खोड.
दुसऱ्या दिवशी तो बिटाचं सूप घेऊन येईल,
वाटी धुऊन परत दे, रिकामी देऊ नकोस.

रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाक, सुटे पैसे मिळतात.
नोव्हेंबरात माझं धुणं त्यांच्यावरच चाललं.

डिपॉझिट दोन महिन्यांचं.
निघताना बाई चमचे मोजतात.
यादीत सहा, खणात पाच.
सहावा माझ्याही आधी कुणीतरी हरवलेला.
मी भांडले नाही. जुन्या बाजारातून एक आणला,
दांड्यावर भलतीच फुलं असलेला.
बाईंनी तो उजेडात धरला, उलटा केला,
आणि काही न बोलता बाकीच्या पाचांत ठेवला.
तेव्हा आता सहा आहेत.

पत्ता नोंदवायला नगरपालिकेत जावं लागतं. करार सोबत ने.
खिडकीपलीकडची मुलगी विचारेल, कायमचा पत्ता?
मी पेन धरून इतकी बसले
की मागच्या माणसाने घसा खाकरला.
कुतायसीच्या घरात माझ्या खोलीत
आता भावाची बायको बाळंतीण आहे.
माझी पुस्तकं खोक्यात, खोकं गच्चीच्या जिन्याखाली.
लिहिला मग तोच पत्ता. पिनकोड चुकला.

फडताळात गव्हाच्या पिठाचा पुडा आहे, कुणाचा ते माहीत नाही,
आणि एका हंगेरियन मुलीची लाल मिरची, तीही ऐकीव.
डबीतलं मीठ माझं, आमच्याकडचं, लसूण घातलेलं.
उकडलेल्या बटाट्यावर चिमूटभर.
जास्त घातलंस आणि डोळे भरून आले
तर तो दोष मिठालाच दे, सोयीचं पडतं.

खुंटीवरची चकती मात्र फेकू नकोस.
हेल्कुर म्हणतात तिला. कोटाला उजवीकडे, गुडघ्याच्या उंचीवर.
अंधारात चालणाऱ्याने दिसत राहावं,
असा इथे कायदाच आहे.
आणि अंधार इथे दुपारी साडेतीनला कामावर येतो.

एका परीक्षेनंतर मी नदीकाठी फार वेळ थांबले होते.
कशाची परीक्षा ते आता सांगत नाही.
परतले तेव्हा अकरा वाजून गेले होते,
बाई जिन्यात, अंगावर रात्रीचा झगा, हातात काहीच नाही.
म्हणाल्या, पुलावर मोटारीचा उजेड पडला,
तेव्हा तुझी चकती लुकलुकली.
म्हटलं, चला, आता झोपते.

मी विचारलं नाही की त्या किती दिवस
असं पुलाकडे बघत बसतात,
आणि माझ्याआधी कुणाकुणासाठी.

खिडकीची वरची कडी सैल आहे, वर्तमानपत्र घडी करून खोच.
काचेचा कचरा वेगळा.
फ्रिजमध्ये दूध आहे, चार तारखेपर्यंत चालेल.

नेस्तान